जी२९ वर मॉन्झात गाडी सुटते: व्हील बदलावं की ब्रेक पेडल?

सिंहगडरोड_लॅप विचारतात:

नमस्कार मंडळी. असेट्टो कोर्सा या कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेममध्ये मॅझ्दा एमएक्स-५ कप गाडी घेऊन इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकवर सराव चालू आहे. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं लॉक होऊ किंवा घसरू न देणाऱ्या मदती) बंद, क्लच ऑटो, गेअर स्टिअरिंगमागच्या पॅडलवर.

अडचण अशी. मेन स्ट्रेटच्या (मुख्य सरळ पट्ट्याच्या) शेवटी पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) ब्रेक मारला की एका लॅपला पुढचे टायर लॉक होऊन गाडी सरळ निघून जाते, पुढच्या लॅपला फार आधीच थांबते. लेस्मो नावाच्या दोन्ही वळणांमध्ये वळताना मागचा भाग अचानक सुटतो आणि स्टिअरिंग उलटं फिरवेपर्यंत गाडी फिरलेली असते. लॅपच्या वेळेत सातत्य अजिबात नाही, सलग दोन लॅपमध्ये दोन-दोन सेकंदांचा फरक पडतो.

सामान: लॉजिटेक जी२९ (गेमचं स्टिअरिंग व्हील) आणि त्याच्यासोबत आलेली पेडल्स, २४ इंची मॉनिटर डोळ्यांपासून साधारण ७५ सेंमीवर, पार्टिकल बोर्डचं कॉम्प्युटर टेबल, चाकांची ऑफिस खुर्ची, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. फोर्स फीडबॅकचा (स्टिअरिंगमधून हाताला जाणवणाऱ्या बळाचा) गेन १००. एफओव्ही (पडद्यावरच्या दृश्याचा कोन) गेमने दिला तोच आहे.

पैसे एकाच गोष्टीवर घालता येतील. ५.५ न्यूटन मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलबेस (स्टिअरिंग थेट मोटरवर बसणारा) घ्यावा की लोड सेलची (अंतराऐवजी दाब मोजणारी) पेडल्स? जागा फ्लॅटमधल्या बेडरूमचा एक कोपरा, त्यामुळे मोठा रिग (सीट, व्हील, पेडल्स बसवायची चौकट) कायम मांडून ठेवता येणार नाही.

---

टर्नइन:

या दोनांत निवडायचं तर डोळे झाकून पेडल्स. पण आज काहीच घेऊ नका. चाकांच्या खुर्चीवर बसून लोड सेल दाबलात तर पेडल जागच्या जागी राहील आणि तुम्ही मागे जाल.

आधी एक चाचणी करा. घरातला वजनकाटा भिंतीला उभा टेकवा, खुर्चीत नेहमीसारखे बसा आणि ब्रेकच्या पायाने तो २५-३० किलोपर्यंत दाबा. खुर्ची सरकली, पाठ टेकणीवरून उचलली गेली किंवा टेकणी मागे कलली, तर तुमच्या ब्रेकच्या विसंगतीचं अर्धं कारण तिथेच सापडलं. पायाने दिलेलं बळ दर वेळी वेगळ्या ठिकाणी मुरतंय, मग ब्रेक एकसारखा लागणार कसा?

उपाय साधे आहेत. खुर्चीची पाचही चाकं उपसून काढा (बहुतेक खुर्च्यांत ती नुसती दाबून बसवलेली असतात) आणि त्या जागी न फिरणारे पाय बसवा. हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीची एक चाकदांडी नमुना म्हणून घेऊन जा, म्हणजे माप चुकणार नाही. टेकणीचं झुलणं लॉक करा. पेडल आणि समोरची भिंत यांच्यामध्ये लाकडी पट्टी घट्ट बसेल अशी मापाने कापून ठेवा. टाइल्सवर रबरी मॅट एकटी पुरत नाही, जोरात ब्रेक मारला की तीही पेडलसकट पुढे जाते. मागेपुढे जायला जागाच उरली नाही की प्रश्न संपतो.

बसण्याचं माप: ब्रेक पूर्ण दाबलेला असताना गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताठ होत असेल तर शेवटचा जोर घोट्यातून येतो आणि तिथे नियंत्रण राहत नाही. खांदे टेकणीला लावून हात पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावं.

आता एफओव्ही. तुमच्या वेळेतल्या विसंगतीत याचा वाटा मोठा आहे. २४ इंची मॉनिटरच्या पडद्याची उंची साधारण ३० सेंमी असते. ७५ सेंमीवरून तो डोळ्यांना उभ्या दिशेने फक्त साडेबावीस अंशांचा दिसतो. गेम मूळ सेटिंगमध्ये याच्या दुपटीहून जास्त दृश्य त्याच चौकटीत कोंबतो. त्यामुळे वळण आहे त्यापेक्षा लांब वाटतं, वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि ब्रेकची जागा डोळ्यांना धड पकडता येत नाही.

पण नुसता २२ अंश टाकलात तर आरशातलं सोडाच, अपेक्सही (वळणाचा सर्वांत आतला बिंदू) दिसणार नाही. म्हणून मॉनिटर पुढे आणा. टेबलाला क्लॅम्प होणारा मॉनिटर आर्म लावून पडदा स्टिअरिंगच्या अगदी मागे घ्या. ६० सेंमीवर बरोबर आकडा २८ येतो, ५० सेंमीवर ३३. असेट्टो कोर्सात हा उभा कोन टाकायचा असतो, आयरेसिंग या गेममध्ये आडवा, त्यामुळे दुसऱ्या गेमचे आकडे इथे उचलून टाकू नका. ३३ वर पहिल्यांदा गाडी फार संथ चालल्यासारखी वाटेल. तो भास आहे, आकडा वाढवायचा मोह आवरा.

---

क्लिपिंग_बंद:

वरच्या मुद्द्यांना पूर्ण सहमती. लेस्मोत मागचा भाग "अचानक" सुटतो असं लिहिलंय, त्याबद्दल थोडं. तो अचानक सुटत नसतो. आधी स्टिअरिंगच्या हातातल्या वजनात फरक पडतो, पण तुमच्या गेन १०० मध्ये तो फरक पुसला जातोय.

जी२९ ची मोटर साधारण २ न्यूटन मीटरच्या आसपासचं बळ देते. गेमने त्याहून जास्त मागितलं की सिग्नल १०० टक्क्यांवर सपाट होतो, त्याला क्लिपिंग म्हणतात. वळणात टायरवर भार वाढला, कर्बवर (ट्रॅकच्या उंचवट्याच्या कडेवर) चाक गेलं, पकड थोडी सुटली, या तिन्ही वेळा हाताला एकच भक्कम ओढ जाणवते. गेममधलं पेडल्सचं छोटं ॲप उघडा. क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर यांच्या पट्ट्यांशेजारी फोर्स फीडबॅकची पट्टी असते. ती लाल झाली की क्लिपिंग चालू आहे. परबोलिकासारख्या लांब वळणात ती सतत लाल असेल तर गेन कमी करा. कर्बवर क्षणभर लाल झाली तर चालतं. लॉजिटेकच्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये ताकद १०० ठेवून गेममध्ये गेन ६५-७० पासून सुरू करा. एखाद्या गाडीपुरता फरक करायचा असेल तर चालवतानाच नंबरपॅडवरचे अधिक-उणे वापरा, ते त्या गाडीपुरतंच लक्षात राहतं.

याच्या उलट दुसऱ्या टोकाला, गिअरवर चालणाऱ्या व्हीलला अगदी हलकी बळं जाणवतच नाहीत, कारण ती मोटर आणि दात्यांच्या घर्षणातच संपतात. मधोमध स्टिअरिंग सैल वाटतं ते त्यामुळे. त्यावर दोन उपाय. सोपा म्हणजे "मिनिमम फोर्स" १० टक्क्यांपासून हळूहळू वाढवणं. सरळ रस्त्यावर हात सोडल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं की जास्त झालं, एक-दोन टक्के मागे या. नीट उपाय म्हणजे लट फाइल, म्हणजे व्हीलच्या बळाचा तक्ता. व्हीलचेक नावाचा छोटा प्रोग्रॅम मोटरला पायरीपायरीने बळ देऊन व्हील प्रत्यक्षात किती फिरतं ते नोंदवतो, त्या नोंदीवरून लट जनरेटर फाइल बनवतो आणि कंटेंट मॅनेजर या असेट्टो कोर्साच्या लाँचरच्या फोर्स फीडबॅकच्या पानावर ती लावता येते. ही मोजणी चालू असताना व्हीलला हात लावू नका. आणि लट लावली की मिनिमम फोर्स शून्य करा. दोन्ही एकत्र ठेवली तर मधोमध व्हील नुसतं आपटत राहतं.

कर्ब, रोड आणि स्लिप हे तिन्ही इफेक्ट शून्यावर. ते वरून चिकटवलेले झटके आहेत, स्टिअरिंगच्या खऱ्या बळाचा भाग नाहीत. "एन्हान्स्ड अंडरस्टिअर" सुद्धा बंद. पुढच्या टायरची पकड जाताना स्टिअरिंग हलकं होतं ते भौतिकीतूनच येतं, त्याला वेगळ्या मदतीची गरज नाही.

जी हबमध्ये फिरण्याचा कोन ९०० आणि गेममध्येही ९००. दोन्हीकडे वेगळे आकडे असतील तर उलटं स्टिअरिंग देताना हात कायम कमी किंवा जास्त पडतो.

---

भोसरी_फॅब:

टेबलाबद्दल कुणीच काही म्हणालं नाही. पार्टिकल बोर्डला व्हीलचे क्लॅम्प आवळले की काही महिन्यांत खालचा भाग भुसभुशीत होतो, मग कितीही आवळा, व्हील डुलतंच. खालून आणि वरून १२ मिमी प्लायची पट्टी घाला, क्लॅम्पचा दाब पसरतो. एवढ्यासाठी अख्खा तुकडा विकत घेऊ नका, पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटला कटपीस मिळतात.

उचलून ठेवता येईल असा स्टँड हवा असेल तर ४० बाय ४० मिमी चौकोनी लोखंडी पाईप, जाडी २ मिमी. जाडी विचारूनच घ्या. १.२ मिमीचा पाईप दिसायला तोच असतो, पण ब्रेक मारला की पेडलची प्लेट वाकताना डोळ्यांना दिसते. पेडलची प्लेट मुख्य चौकटीला दोन्ही बाजूंनी तिरप्या पट्टीने बांधा. सगळा जोर तिथे येतो, स्टिअरिंगच्या बाजूला त्यामानाने फार कमी. आणि वेल्डिंग करून घेण्याआधी खुर्ची, पेडल, व्हील यांची मापं जमिनीवर खडूने आखून, बसून बघून घ्या.

ॲल्युमिनियम प्रोफाइल महाग, पण मापं नंतर बदलता येतात. पेडलखालच्या आडव्या भागाला ४० बाय ८० आणि तेही उभं लावा, आडवं लावलं तर लवतं. ८ मिमी खाचेला बसणारे टी-नट आणि एम८ बोल्ट. पीव्हीसी पाईपचे रिग व्हिडिओत छान दिसतात, लोड सेलखाली ते टिकत नाहीत.

गाडीची जुनी सीट हवी असेल तर जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा. सीट खालच्या सरकत्या रुळांसकट घ्या. नुसती सीट आणलीत तर पुढे-मागे करायची सोय पुन्हा करून घ्यावी लागते, आणि ते काम सीटपेक्षा महाग पडू शकतं.

---

सिंहगडरोड_लॅप:

खूप आभार, सगळ्यांचे. मॉनिटर ५२ सेंमीवर आणून एफओव्ही ३२ केला, गेन ६८. लेस्मोत गाडी सुटायच्या आधी हाताला कळतंय. खुर्चीला न फिरणारे पाय लावले.

आता दोन शंका. ब्रेकची पट्टी पाय पेडलवर नसतानाही मध्येच २-४ टक्के उडी मारते. आणि पेडल कितीही दाबलं तरी ८५ च्या पुढे जात नाही. ब्रेक गॅमा किती ठेवावा?

---

टर्नइन:

उडी मारणं म्हणजे पोटेन्शिओमीटरच्या (पेडल किती दाबलंय ते मोजणाऱ्या भागाच्या) आतल्या पट्टीवर धूळ बसलीय. पावसाळ्यात दमट हवेने ते वाढतं. तात्पुरता उपाय ३ टक्के डेडझोन, म्हणजे तेवढा सुरुवातीचा दाब गेमने मोजायचाच नाही. कायमचा म्हणजे व्हील बंद करून पेडलची केबल काढायची, पेडलचं तळाचं झाकण उघडायचं आणि पोटेन्शिओमीटरच्या फटीत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारून पेडल वीस-पंचवीस वेळा हलवायचं. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, मगच जोडा. क्लीनर तपकीर गल्लीत मिळतो. बिजागऱ्यांना मारतो तो तेलकट स्प्रे वापरू नका, तेलावर धूळ जास्तच चिकटते. साफ करूनही उडी राहिली तर पोटेन्शिओमीटर झिजलाय. त्याच्यावर छापलेला आकडा बघून तसाच नवा घ्या, दांड्याचा आकारही जुळवून.

८५ वर अडकण्याचं कारण जी२९ च्या ब्रेकमधला रबरी ठोकळा. तो शेवटच्या भागात इतका कडक होतो की बसल्या जागेवरून पूर्ण दाबताच येत नाही. व्हील चालू केल्यावर तिन्ही पेडल्स एकदा तळापर्यंत दाबायची सवय लावा, कारण व्हील त्यावरूनच पेडलचा पल्ला ठरवतं. सुरुवातीला अर्धवट दाबलं तर पल्ला चुकीचा धरला जातो. त्यानंतरही ८५ च येत असेल तर गेममध्ये ब्रेकच्या अक्षाची वरची मर्यादा खाली आणून तुमचा आरामातला पूर्ण दाब म्हणजे १०० असं ठरवा. रबर काढून टाकायचा सल्ला वाचाल, तो मानू नका. त्याच रबरामुळे या पेडलला दाबाची थोडीतरी जाण आहे. ते काढलं की पाय नुसतं अंतर मोजत बसतो, आणि स्नायूंना अंतरापेक्षा दाब जास्त नीट आठवतो. लोड सेल उपयोगी पडते तीही याचमुळे.

गॅमाचं गणित सोपं. पेडलचा आकडा त्या घातांकाला चढवला जातो. गॅमा १ असेल तर अर्धं पेडल म्हणजे ५० टक्के ब्रेक, १.५ ला साधारण ३५, २ ला २५. रबरी ठोकळ्याच्या पेडलला १.५ च्या आसपास बरं वाटतं, कारण सुरुवातीचा मऊ भाग लगेच पुढचे टायर लॉक करत नाही. पुढे लोड सेल घेतलीत तर १ करा. एक आकडा ठरला की किमान आठवडाभर त्याला हात लावू नका.

---

लेस्मो_दोन:

आता चालवण्याबद्दल, कारण सामान नीट झालं तरी लेस्मो तिथेच आहेत.

पहिली शिकेन. ताशी २०० किमी म्हणजे सेकंदाला साडेपंचावन्न मीटर. ब्रेक एक दशांश सेकंद उशिरा लागला तर साडेपाच मीटर पुढे गेलात. त्यामुळे "त्या झाडाच्या आसपास" असं चालत नाही, कडेच्या अंतराच्या पाट्यांपैकी एक पाटी धरा आणि आठवडाभर तीच ठेवा. दुसरं, परबोलिकातून वेगात बाहेर पडलात की स्ट्रेटच्या शेवटी वेग जास्त असतो. १ जी ने (गुरुत्वाकर्षणाएवढ्या मंदनाने) थांबताना १९० ऐवजी २०० वरून ब्रेक मारला तर साधारण १५ मीटर जास्त लागतात. तुमच्या काही लॅपमध्ये टायर लॉक होतात त्यातले बरेच या हिशेबातले असतील: ब्रेकची जागा तीच, पण वेग वेगळा, मग घाबरून जास्त दाब.

एमएक्स-५ ला डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणारं बळ) नगण्य, त्यामुळे सरळ रेषेत ब्रेकची मर्यादा वेगागणिक फारशी बदलत नाही. एका दाबापर्यंत जा आणि तो धरून ठेवा. फॉर्म्युला किंवा जीटी३ गाडीत मात्र डाउनफोर्स वेगाच्या वर्गाने घटतो, २०० वर जेवढा होता त्याचा चौथा हिस्सा १०० वर उरतो. तिथे पहिल्या क्षणी सर्वांत जास्त दाब आणि मग सतत कमी करत जायचं. दोन्ही प्रकारच्या गाड्या आलटून पालटून चालवल्या की पाय गोंधळतो. सध्या एकच ठेवा.

लेस्मोत मागचा भाग सुटण्याची कारणं संभाव्यतेच्या क्रमाने सांगते. सर्वांत आधी गेअर. इंजिनचा वेग उतरायच्या आत खालचा गेअर टाकला की मागची चाकं इंजिनने अडवली जातात, हँडब्रेक ओढल्यासारखी. ऑटो ब्लिप (गेअर उतरवताना गेमने आपोआप दिलेला अॅक्सिलरेटर) चालू असला तरी हे होतं. ब्रेकने वेग कमी होऊ द्या, मग गेअर, आणि शेवटचा गेअर स्टिअरिंग फिरवायच्या आधी. तुम्ही बहुधा वळता वळता टाकताय.

दुसरं कारण, वळणात घाबरून अॅक्सिलरेटर झटकन सोडणं. वजन पुढे जातं, मागचे टायर हलके होतात. स्टिअरिंग जसजसं वाढेल तसतसा ब्रेक सोडत जायचं, अपेक्सच्या थोडं आधी शून्य. टायरकडे पकड एकच आहे, ती थांबणं आणि वळणं यांत वाटायची. स्टिअरिंग पाव फिरलं असताना ब्रेक अजून पूर्ण दाबलेला असेल तर पुढचे टायर सरळ घसरतील. तेव्हाच ब्रेक शून्य केलात तर पुढचा भाग उचलला जाऊन गाडी वळायलाच नको म्हणेल. मधला हळूहळू सोडण्याचा जो टप्पा आहे, वेळेतला फरक तिथे पडतो. ब्रेक उशिरा मारण्यात जेवढा फायदा लोकांना वाटतो तेवढा नाही.

तिसरं, गार टायर. पिटमधून निघालेल्या पहिल्या लॅपवर लेस्मोत जोर लावून निष्कर्ष काढू नका.

गाडी सुटलीच तर स्टिअरिंग घट्ट धरू नका. कॅस्टरमुळे (पुढच्या चाकांच्या तिरप्या बसवणीमुळे) ते आपोआप घसरणीच्या दिशेने फिरतं, हातातून मोकळं फिरू द्या आणि मग धरा. गाडी सावरल्याबरोबर तितक्याच वेगाने सरळ करा, नाहीतर दुसऱ्या बाजूला फेकली जाते. हा उलटा झटका पहिल्या घसरणीपेक्षा जास्त गाड्या भिंतीत घालतो.

---

सिंहगडरोड_लॅप:

गेअरचं बरोबर धरलंत, रीप्लेमध्ये तिसऱ्यावरून दुसरा पडतो तेव्हा स्टिअरिंग आधीच वळलेलं दिसतंय. ब्रेक कसा सुटतोय हे नीट बघायचा मार्ग काय? आणि पेडल्स नंतर घेतली तर जी२९ सोबत चालतील का?

---

क्लिपिंग_बंद:

पीसीवर चालतील. यूएसबीची पेडल्स थेट कॉम्प्युटरला जोडायची, व्हीलला नाही. असेट्टो कोर्सा दोन वेगळी उपकरणं एकत्र घेतो. कन्सोलवर हे जमत नाही. एक सावधगिरी: मोझा आर५ सारखं व्हील-पेडल्सचं बंडल बघत असाल तर त्यातली मूळ पेडल्स लोड सेलची नाहीत, म्हणजे ब्रेकचा प्रश्न तसाच राहतो.

लाइट जाते तेव्हाचंही बघून ठेवा. यूपीएसवर पीसी असतो आणि व्हीलचा ॲडॉप्टर भिंतीला, मग गेम चालू राहतो आणि व्हील मरतं. ॲडॉप्टरही यूपीएसवरच घ्या. ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीला ६०० व्हीएचा यूपीएस पुरत नाही, तो जेमतेम ३६० वॅट देतो. वीज परत आली की व्हील स्वतः दोन्ही टोकांपर्यंत फिरून जागा शोधतं, तेव्हा हात बाहेर ठेवा, आणि नंतर तिन्ही पेडल्स पुन्हा तळापर्यंत दाबा.

ब्रेक बघण्यासाठी मोटेक आय२ प्रो हा लॅपच्या नोंदींचे आलेख दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. एसीटीआय हे ॲप गेममधल्या नोंदी त्याच्यासाठी साठवतं. एकाखाली एक चार रेषा लावा: वेग, ब्रेक, स्टिअरिंगचा कोन, गेअर. तुमचा सर्वांत चांगला लॅप आणि एखादा बिघडलेला लॅप एकमेकांवर ठेवून फक्त पहिला लेस्मो बघा. ब्रेकची रेषा चढताना कड्यासारखी उभी आणि उतरताना तिरपी हवी. उतरतानाही उभीच असेल तर पाय उचलून टाकताय. उतरताना दात पडलेले दिसले तर टायर लॉक होऊन तुम्ही सोडताय आणि पुन्हा दाबताय. आणि स्टिअरिंगची रेषा वर जायला लागल्यानंतर गेअरची पायरी पडत असेल, तर लेस्मो_दोन यांचं पहिलं कारण तिथेच दिसेल.